माथ्यावरचा नमस्कार

हॉलंडात डोंगर नाहीत, हे पद्मजानं मनोहरअण्णांना फोनवर दहादा सांगितलं होतं. पण ऐकतील तर ते अण्णा कसले. उइटहॉर्नच्या घरी येऊन धड दोन दिवस झाले नाहीत, तोच ते खिडकीशी उभे राहून समोरच्या ताटासारख्या सपाट जमिनीकडे बघत म्हणाले की, देश म्हटल्यावर कुठं तरी एखादा उंचवटा असणारच, देवानं एवढा हात आखडता घेतला नसेल.

अण्णा पद्मजाचे सासरे. त्यांचा एकुलता एक मुलगा रणजित, पद्मजाचा नवरा, गेल्या माघात ऑस्ट्रियातल्या एका बर्फाच्या डोंगरावर थंडीनं गारठून वारला. तेव्हा अण्णांना येता आलं नव्हतं, कारण रणजितची आई सुरेखाबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मुलाला अग्नी दिलेला म्हाताऱ्यानं पुण्याच्या घरात मोबाइलच्या पडद्यावर पाहिला, आणि मध्येच चित्र थांबलं तेव्हा मोबाइल हातात उंच धरून गॅलरीत जाऊन उभा राहिला. दिवाळीनंतर सुरेखाबाईही गेल्या. आता मागं ओढणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून वर्षश्राद्धाला अण्णा आले, आणि येताना कपड्यांच्या घड्यांमध्ये एक नारळ घेऊन आले.

दारातच पद्मजा त्यांच्या पाया पडली. अण्णांच्या तोंडून सवयीनं ‘अखंड सौ...’ एवढं निघून गेलं आणि पुढचं त्यांनी गिळलं. मग ते खाली बसून बराच वेळ बूट काढत राहिले. साधे नाडीचे बूट, पण निघता निघेनात.

त्यांना खरं तर ऑस्ट्रियातल्या त्या डोंगरावरच जायचं होतं. पण अण्णांच्या हृदयात दोन स्टेंट होते आणि डॉक्टरांनी बर्फ आणि उंची दोन्हींना साफ नकार दिलेला. मग ते म्हणाले, तो डोंगर नाही तर दुसरा. पिंडदान वगैरे पुण्याला गुरुजी सांगतील तसं होईल, पण रणजितच्या नावानं एक नमस्कार त्यांना कुठल्या तरी माथ्यावरच करायचा होता. नेमका तो ‘नमस्कार’ शब्द पद्मजाला नको होता. ती हो म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

तो नमस्कार काय होता हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अण्णा टेलिफोन खात्यात होते. आठवडाभर तारा जोडायच्या आणि रविवारी डोंगर चढायचे, असा त्यांचा शिरस्ता. कॉलनीतली पोरं गोळा करून ते त्यांना सह्याद्रीत न्यायचे. पोरांना हवं ते खाऊ द्यायचे, हवा तेवढा दंगा करू द्यायचे. नियम एकच. माथ्यावर पोचलं की बूट काढायचे, हात उघडे करायचे आणि कपाळ जमिनीला टेकवायचं. तिथं देऊळ असो नाही तर नुसता धोंडा. ज्या डोंगरानं आपल्याला अंगाखांद्यावर घेऊन इथवर आणलं, त्याच्या डोक्यावर जोड्यानिशी उभं राहायचं म्हणजे आईबापाच्या डोक्यावर पाय ठेवण्यासारखं आहे, असं ते म्हणत, आणि त्यांच्या तोंडून ते खरंही वाटे.

रणजित लहान असताना अण्णांनी त्याला कळसूबाईवर नेलं होतं. भर दुपार, कातळ तव्यासारखा तापलेला. पोरगं बूट काढायला तयार होईना. अण्णांनी ना त्याला मारलं ना रागावले, नुसते शेजारी अनवाणी उभे राहिले, तो काढेपर्यंत. शेवटी रणजितनं बूट काढले, पाय भाजत असताना नमस्कार केला आणि खाली उतरेपर्यंत हूं की चूं केलं नाही. ही गोष्ट अण्णा लग्नात, मुंजीत, बँकेच्या रांगेत, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगायचे. पुढं रणजित नोकरीसाठी हॉलंडला आला आणि दर हिवाळ्यात आल्प्समध्ये बर्फातल्या वाटा तुडवू लागला, तरी रविवारच्या फोनवर अण्णांचा प्रश्न ठरलेला असे, की माथ्यावर बूट काढून कपाळ टेकलंस ना? रणजित साऱ्या जगाला थापा मारू शकत होता, पद्मजानं त्यातल्या कित्येक पचवल्याही होत्या. पण अण्णांना थाप मारणं त्याला कधी जमलं नाही.

आणि त्याचा जीव गेला तो तेवढ्यामुळेच. हे पद्मजाला ठाऊक होतं, अण्णांना नव्हतं.

तिला ते अंबरीशनं सांगितलं होतं. अंबरीश म्हणजे रणजितचा कॉलेजपासूनचा मित्र, ब्रेडाला राहणारा. त्या दिवशी डोंगरावर रणजितसोबत तो एकटाच होता. दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी तो पद्मजाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि टेबलाकडे बघत बोलत राहिला. तो म्हणाला की, त्यांची तयारी चोख होती. थंडीच्या बाबतीत रणजितइतका काटेकोर माणूस त्यानं पाहिला नव्हता. सुती मोजे घालून आलेल्या नवख्यांना रणजित गाडीतूनच परत पाठवायचा. घाम येऊ द्यायचा नाही, ओलं अंगावर ठेवायचं नाही, बोटं उघडी टाकायची नाहीत, हे तोच सगळ्यांना शिकवायचा. त्या दिवशी उणे वीसच्याही खाली थंडी होती आणि वर वारं. माथ्यावर तिथल्या गावकऱ्यांनी रोवलेला लाकडी क्रूस होता. रणजितनं त्याच्यापुढं हातमोजे काढले आणि वाकून बूट काढायला लागला. अंबरीश ओरडला. रणजित हसून म्हणाला, ‘एक मिनिट रे. रविवारी अण्णा विचारतील.’

मिनिटभरच लागलं. पण चढताना मोजे घामानं दमट झाले होते, त्यांना बर्फ चिकटला. एक हातमोजा वाऱ्यानं उडून दरीत गेला. बूट तेवढ्यात लाकडासारखे ताठरले आणि पाय कसेबसे आत गेले, पण नाड्या बांधायला बोटं वळेनात. अंबरीशनं स्वतःचे हातमोजे काढून त्या बांधायचा प्रयत्न केला, तर त्याचीही बोटं बधिर झाली. शेवटी नाड्या तशाच बुटात कोंबून दोघं उतरायला लागले. निम्म्या वाटेत रणजितला पाय कुठं पडतोय ते कळेना. मग तो पडू लागला, आणि मग उठेनासा झाला. वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. अंबरीश त्याला खडकाच्या आडोशाला बसवून, स्वतःचं जाकीट त्याच्यावर टाकून खाली मदतीला धावला. माणसं घेऊन वर पोचला तेव्हा रणजित तसाच बसलेला होता, डोळे मिटून. सांगताना अंबरीश उजवा हात टेबलाखाली ठेवून होता, त्या हाताच्या बोटांचे शेंडे डॉक्टरांना काढावे लागले होते.

पद्मजानं सगळं ऐकून घेतलं, त्याच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली की, हे अण्णांना कधीही कळता कामा नये. अंबरीशनं मान हलवली. त्यानंतर तो या घराकडं फिरकला नाही.

अण्णांना एवढंच सांगण्यात आलं की अचानक हवामान बिघडलं. ते ऐकून म्हाताऱ्यानं फोनवर एकच विचारलं, की तो वर पोचला होता का? पद्मजा म्हणाली, पोचला होता. तर अण्णा म्हणाले, ‘मग नमस्कार करून गेला. असं मरण भाग्यवंताला येतं.’ आणि त्या एका वाक्याच्या काठीवर म्हातारा उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला, शेजाऱ्यांना, सुरेखाबाईंच्या उशाशी बसून सुरेखाबाईंना तो तेच सांगत राहिला. दर वेळी ते ऐकताना पद्मजाच्या काळजात कळ उठायची. कधी कधी संतापही यायचा, खोटं कशाला बोला. वाटायचं, एकदाच सांगून टाकावं की अण्णा, तुमच्या नमस्कारानं माझं घर बसलं. मग पडद्यावर त्यांचं ते दाढी वाढलेलं तोंड दिसायचं आणि ती त्यांना बीपीची गोळी घेतली का ते विचारायची.

तर असे हे अण्णा घरात, आणि त्यातच थंडीची लाट आली. कालवे गोठले. एरवी घड्याळाच्या काट्यावर चालणारे डच लोक पोरांसारखे खुळावले आणि कामं टाकून माळ्यावरचे स्केट्स काढून बर्फावर घसरायला पळाले. तिथीचा शनिवार जवळ आला. पद्मजानं विचार करून वाल्सचं नाव काढलं. मास्ट्रिख्टच्याही पलीकडे, देशाच्या पार शेपटाला, जिथं जर्मनी आणि बेल्जियमच्या सीमा येऊन मिळतात, तिथं एक झाडीची टेकडी आहे, देशातली सगळ्यात उंच जागा तीच. वर गाडीरस्ता आहे, हॉटेलं आहेत, लोक मुलाबाळांना घेऊन जातात. अण्णांनी उंची विचारली आणि आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसले. अगं, पुण्याची तुळशीबाग याच्याहून उंचावर आहे, म्हणाले. पण लगेच गंभीर होऊन म्हणाले की, ज्याच्या-त्याच्या मुलखात जी सर्वांत उंच जमीन, तोच तिथला माथा.

पद्मजानं मनाशी हिशेब पक्का केला होता. अण्णा तिथं बूट काढणार, ते काही ती रोखू शकत नव्हती. रोखलं तर कारण विचारतील. पण दोन मिनिटं बूट काढल्यानं काही होत नाही, गाडी जवळ, माणसं जवळ. तिनं पिशवीत लोकरी मोज्यांचे जादा जोड घेतले, पायाखाली घालायला फोमची जाड चटई घेतली, थर्मासभर चहा घेतला. अण्णांना हवा तसा नमस्कार होईल आणि त्यांची काठी शाबूत राहील. यापलीकडे तिला काही नको होतं.

आदल्या दिवशी अण्णा सायकलचा पंप शोधायला मागच्या शेडमध्ये गेले आणि रणजितचे बूट घेऊन आले. पोलिसांनी परत दिल्यापासून ते पिशवीतच होते, पद्मजानं त्यांना हात लावला नव्हता. अण्णांनी वर्तमानपत्र पसरलं, बूट पुसले, मेण लावलं. पुसता पुसता थांबून म्हणाले की, याच्या नाड्या वरच्या हुकांत घातलेल्याच नाहीत, रणजित असं कधी करायचा नाही. पद्मजा भाजी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली की, काढताना त्या लोकांनी सोडल्या असतील. अण्णा ‘असेल’ म्हणाले आणि बूट पायात घालून खोलीभर फिरून आले. बूट बेतून शिवल्यासारखे बसले. बापाचे जोडे मुलाच्या पायात आले की त्याला मित्र मानावं म्हणतात. मुलाचे जोडे बापाच्या पायात आले तर काय मानावं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. अण्णा म्हणाले, उद्या हेच घालतो, माझ्या बुटांनी बर्फात निभणार नाही. पद्मजा भाजी चिरत राहिली.

शनिवारी सकाळी तिघं निघाली. तिसरी म्हणजे सानिका, पद्मजाची दहा वर्षांची मुलगी. तिला आजोबांचं मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र इंग्रजीत नाही तर डचमध्ये यायचं. अण्णांना त्यातलं निम्मं कळायचं आणि उरलेलं ते स्वतःच्या मनानं भरून घ्यायचे, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं होतं. तिला घरी ठेवायचा विचार पद्मजाच्या मनात आला होता. पण बापाचं वर्षश्राद्ध, आणि लेकीला ठेवायचं कुठं?

वाल्स गावात गाडी लावून त्यांनी पायवाट धरली. अण्णांना गाडीनं वर जाणं मंजूर नव्हतं. चढून न गेलेल्याचा नमस्कार डोंगर घेत नाही, म्हणाले. उणे नऊची थंडी होती. झाडं खालपासून वरपर्यंत पांढरी झाली होती, श्वास ओढला की नाकात टोचत होतं. चढ म्हणावा असा चढ नव्हता, पण अण्णा डोंगरात शिरल्याबरोबर बदलले. पाठ सरळ झाली, पावलं आखूड आणि एकसारखी पडू लागली. सानिकाला ते शिकवत होते, चढताना बडबड करायची नाही, दमलीस तर थांबायचं नाही, पाऊल लहान करायचं. आणि लगेच स्वतःच बडबड करत होते. पद्मजा पिशवी घेऊन मागून येत होती. कळसूबाई, तापलेला कातळ, रणजितचे भाजलेले पाय, हे सगळं तिच्या कानावर तुकड्यातुकड्यांनी येत होतं. सानिकानं मध्येच विचारलं, दुखलं नाही त्याला? अण्णा म्हणाले, दुखलं की. पण माथ्यावर नमस्कार करायचा तो असाच, तुझ्या बाबानं आयुष्यभर तसाच केला. पद्मजाची शंभरदा ऐकलेली गोष्ट ती. तिनं लक्ष दिलं नाही, आणि चुकली ती तिथंच.

माथ्यावर वारा होता. सीमेचा दगड, पलीकडे मनोरा, बंद असलेलं एक दुकान. थंडीमुळे माणसं तुरळक. थोड्या अंतरावर सर्वांत उंच जागेची खूण म्हणून एक बुटका दगड उभा होता, त्याच्यावर बर्फाची टोपी. अण्णांनी ती हातानं झाडली. नारळ काढून दगडाच्या पायथ्याशी ठेवला. मग खिशातून रणजितचा फोटो काढला, बघितला आणि परत ठेवला. पद्मजानं न बोलता फोमची चटई पसरली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तुला सगळं ठाऊक असतं, म्हणाले, आणि खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागले.

पद्मजा वाकून पिशवीतून मोजे काढत होती. मोजे घेऊन ती सरळ झाली आणि तिनं पाहिलं की, दगडाच्या पलीकडच्या बाजूला सानिका बर्फात उभी आहे. हातमोजे तिनं काढून खाली टाकले होते. एक बूट बाजूला पडला होता आणि एका पायावर तोल सांभाळत ती दुसरा ओढत होती. वाऱ्यानं तिचा एक हातमोजा उचलला आणि उताराकडे नेला.

पद्मजाच्या हातातले मोजे गळून पडले. ती धावली आणि तिनं लेकीचा दंड इतका घट्ट धरला की पोरगी कळवळली.

“बूट घाल! बाबानं पण असेच काढले होते, म्हणून मेला तो!”

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला ऐकू आले.

सानिका रडायला लागली. आय वॉन्टेड टू डू इट लाइक बाबा, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पद्मजा गुडघ्यांवर बसली, तिचा पाय मांडीवर घेतला, मोज्याला चिकटलेला बर्फ झाडला, पाय चोळला, बूट चढवला. तिला मागं बघायचं नव्हतं. जितका वेळ लेकीचा पाय हातात होता तितका वेळ मागं बघावं लागणार नव्हतं. पण बूट चढला, नाडी बांधून झाली, स्वतःचे हातमोजे पोरीच्या हातात घालून झाले, आणि मग बघावंच लागलं.

अण्णा चटईवर बसले होते. एका पायात बूट, दुसरा पाय नुसत्या मोज्यात. काढलेला बूट त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि वरच्या रिकाम्या हुकांवरून ते अंगठा फिरवत होते.

“नाड्या बांधता आल्या नाहीत त्याला,” अण्णा म्हणाले.

त्यांनी ते विचारलं नव्हतं. उभा जन्म डोंगरात काढलेला माणूस, त्याला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. ओला मोजा, ताठरलेला बूट, बधिर बोटं, सगळं त्यानं स्वतःच ओवून घेतलं असणार. पद्मजाला वाटलं, अजूनही काही तरी बोलावं, हवामान म्हणावं, वारा म्हणावं. तिनं तोंड उघडलं आणि ते खोटं तिच्या तोंडून निघेना. ती रडत होती, ते तिला गालावर गार लागल्यावर कळलं.

“तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“दिवसकार्य झाल्यापासून. अंबरीशनं सांगितलं.”

“आणि मी तुला फोनवर दर वेळी...” अण्णा थांबले. मग मान खाली घालून विचारलं, “तो काही म्हणाला होता का? काढताना?”

हा एक प्रश्न पद्मजाला टाळता आला असता. नाही म्हटलं असतं तर चाललं असतं, अंबरीश दिल्या शब्दाला जागला असता. पण वर्षभर एकटीनं उचललेलं ते ओझं आता हातातून सुटलंच होतं, आणि समोरचा माणूस बाप होता, मुलाचा शेवटचा शब्द मागत होता. ती म्हणाली, “म्हणाला, रविवारी अण्णा विचारतील.”

अण्णांनी डोळे मिटले. बाजूनं एक डच जोडपं कुत्रं घेऊन चाललं होतं, नारळाकडे आणि एका पायात नुसता मोजा घालून बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघत त्यांनी थंडीबद्दल काही तरी म्हटलं. पद्मजानं मान हलवली. ते गेले.

मग ती अण्णांच्या पायाशी बसली. त्यांचा मोजा काढला, कोरडा चढवला, पाय बुटात घातला. नाडी एका एका हुकात ओढून घट्ट केली आणि गाठीवर गाठ मारली. दुसऱ्या पायाचीही तशीच. अण्णांनी तिला करू दिलं. एरवी स्वतःचं ताटही दुसऱ्याला उचलू न देणारा माणूस लहान पोरासारखा पाय पुढं करून बसला होता. बांधून झाल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वादाचा शब्द त्यांच्याकडे नव्हता, म्हणून नुसताच हात ठेवला.

सानिका रडायची थांबली होती. ती दगडाशी उभी राहून कधी आईकडे, कधी आजोबांकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलं, अँड द नमस्कार?

अण्णा उठले. उठताना त्यांना पद्मजाचा खांदा धरावा लागला. ते नातीजवळ गेले, तिची टोपी कानांवर ओढली, हातमोजे नीट बसलेत का ते चाचपून पाहिलं.

“कर. असाच कर, बूट घालून.”

“बट यू सेड...”

“मी म्हणत होतो बाळ. डोंगरानं कधी मागितलं नव्हतं. मागत होतो तो मी.”

सानिकानं बुटांनिशी, हातमोज्यांनिशी हात जोडले आणि वाकली. अण्णा तिच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत. ते जमिनीकडे बघत होते, रणजितच्या बुटांकडे. त्यांचे ओठ हलत होते. पद्मजाला आधी वाटलं ते मंत्र म्हणताहेत, पण ते मुलाचं नाव घेत होते, फक्त नाव, पुन्हा पुन्हा. नारळ त्यांनी फोडला नाही. तो तिथंच ठेवून तिघं खाली उतरली. उतरताना अण्णा एका झाडाशी थांबले, छातीवर हात ठेवून. पद्मजा घाबरली. ते म्हणाले, हृदयाला काही झालेलं नाही, ते चाललंय आपलं, निर्लज्जासारखं.

परतीच्या वाटेवर सानिका मागच्या सीटवर झोपी गेली. मास्ट्रिख्ट मागं पडलं, रस्ता सरळ आणि जमीन सपाट झाली. अण्णा खूप वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले की, अंबरीशला उद्या जेवायला बोलाव. वर्षभर पोरगा हे घेऊन फिरतोय, त्याचा काय गुन्हा. पद्मजा म्हणाली, बोलावते. जरा वेळानं ते म्हणाले की, बरं झालं, सुरेखा हे न ऐकता गेली. पद्मजाला वर्षभर वाटत आलं होतं की, अण्णांना कळलं तर आपला राग तरी निवेल. राग कुठं सापडतच नव्हता. शेजारी बसलेल्या त्या म्हाताऱ्याची तिला नुसती दया येत होती, आणि स्वतःची, आणि त्या हसऱ्या मूर्ख माणसाची, ज्याला बापाशी एक थाप मारता आली नाही.

उइटहॉर्नला पोचली तेव्हा दिवस अजून मावळायचा होता. कालव्यावर पोरं घसरत होती. सानिका अर्धवट झोपेत आत गेली, बूट दारातच भिरकावून. पद्मजा पिशव्या घेऊन तिच्या मागोमाग गेली, आणि वळून बघते तो अण्णा पायपुसण्यावरच उभे. कुणाच्याही घरी उंबऱ्याच्या आत कधी जोड्यानिशी न गेलेला माणूस. ते बुटांकडे बघत होते, आत येत नव्हते आणि वाकतही नव्हते. थंडी उघड्या दारातून घरात शिरत होती.

“पद्मजा,” त्यांनी हाक मारली. “इथं काढू का गं? चालेल ना?”

तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि येऊन त्यांच्या पायाशी बसली. माथ्यावर मारलेल्या गाठी तिनं फार घट्ट बांधल्या होत्या, त्या सोडवायला वेळ लागला.